मैदानाचा जमाखर्च

(महिला संघटना आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काल दिवसभर आपण रेशन, घरातली मारहाण आणि रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर बोललो. आज सकाळी कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून एक काकू मला म्हणाल्या, "खेळ? खेळाचं काय बोलायचं असतं? ते पोरांचं काम." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी मीही असंच काहीसं म्हटलं असतं. म्हटलं असतं कशाला, म्हटलंच होतं. म्हणून आधी माझ्या चुकीची गोष्ट सांगते.

मी ज्या वस्तीत काम करते तिथे आमचे नऊ बचत गट आहेत. गटांची नियमावली मी आणि माझ्या सहकारी मैत्रिणीने मिळून लिहिली. कर्ज कशासाठी द्यायचं याचं त्यात एक कलम आहे : आजारपण, शिक्षण, घरदुरुस्ती आणि 'उत्पादक कारण'. एम.एस.डब्ल्यू. करताना शिकलेला हा शब्द मी मोठ्या अभिमानाने त्यात घातला होता. उत्पादक म्हणजे शेळी, शिलाई मशीन, भाजीची गाडी. एका महिन्याच्या बैठकीत घरकाम करणाऱ्या एका बाईंनी चार हजार रुपये मागितले. कशाला? तर मुलगी कबड्डी खेळते, तिला निवड शिबिराला जायचंय. गटातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी नियमावली काढली आणि म्हटलं, "मावशी, हे कारण नियमात बसत नाही."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, मागच्या साली हिच्या पोराच्या क्लासला दिलं, तवा कुणी इचारलं न्हाई तो पास व्हनार का. तो नापास झाला. माझी पोर हरली तर कर्ज बुडालं, आन् त्याचा नापास झाला तर ते शिक्षान. ह्यो हिशेब कुटला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं बोलणं म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे असं समजा.

पहिल्यांदा त्या चार हजारांचा हिशेब बघू. मुलीने तो वहीच्या पानावर लिहून आणला होता. बूट १,४००. गुडघ्याची निकॅप आणि पट्टी ३५०. टी-शर्ट आणि शॉर्ट ६००. एस.टी.चं जाऊन-येऊन भाडं, बायकांना अर्धं तिकीट धरून, ३५०. दहा दिवसांचं जेवण रोज शंभरप्रमाणे १,०००. हातखर्चाला ३००. बरोबर चार हजार. पण त्या पानावर एक खर्च लिहिलेलाच नव्हता. मुलगी रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर असायची. त्या दोन तासांत घरातलं पाणी कोण भरायचं? सातवीतली धाकटी बहीण. स्वयंपाक कोण करायचं? चार घरची धुणीभांडी करून आलेली आई. थोरला भाऊ त्याच वेळी क्रिकेट खेळायचा. त्याच्या खेळामुळे कुणाचं काम वाढत नव्हतं, कारण त्याच्या वाट्याला घरातलं काम नव्हतंच.

खेळाच्या अर्थशास्त्रातली ही पहिली गोष्ट. खेळाचं पहिलं भांडवल म्हणजे रिकामा वेळ. पैसा त्याच्यानंतर येतो. मुलाला हा वेळ जन्मतः मिळतो. मुलीला तो दुसऱ्या बाईकडून उसना घ्यावा लागतो. आपण बिनमोल घरकामाबद्दल इतकी वर्षं बोलतो आहोत, त्या कामाची सावली मैदानावर अशी पडते.

आता दुसरी गोष्ट, बक्षिसाची. आमच्याकडे एक मंडळ दर वर्षी कबड्डी स्पर्धा भरवतं. पुरुषांचं पहिलं बक्षीस ३१,००० आणि ढाल, महिलांचं ११,००० आणि ढाल. पुरुषांचे सामने रात्री दिव्याखाली, महिलांचे दुपारी दोनला, उन्हात. आमच्या मुली विचारायला गेल्या तेव्हा कार्यकर्ते सरळ म्हणाले, "लेडीजच्या मॅचला पब्लिक नसतं. पब्लिक नाही तर जाहिरात देणारा दुकानदार पैसे कशाला देईल?" आता मला सांगा, दुपारी दोनला कोण येणार? बायका कामावर, पुरुष कामावर, मुलं शाळेत. आधी सामना अशा वेळी ठेवायचा की कुणी येऊ नये, आणि मग कुणी आलं नाही म्हणून बक्षीस कमी ठेवायचं.

हे गल्लीतलं झालं. दिल्ली-मुंबईतलं यापेक्षा फार वेगळं नाही, आकड्यांपुढची शून्यं तेवढी वाढतात. मोठ्या खेळात पैसा कुठून येतो ते साध्या शब्दांत सांगते. तिकिटांचा पैसा थोडा असतो. मोठा पैसा येतो दोन ठिकाणांहून : सामने दाखवण्याचे हक्क वाहिन्यांना विकून आणि खेळाडूंच्या अंगावर, मैदानाच्या कडेला जाहिराती लावून. पुरुषांच्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. महिलांची वुमेन्स प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली, तिचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले. महिलांचे सामने कमी असतात, म्हणून एका सामन्याचा हिशेब करू. पुरुषांचा सामना सुमारे ११८ कोटींचा, महिलांचा सुमारे ७ कोटींचा. लगेच कुणी म्हणेल, "बघा, बाजारानेच किंमत ठरवली. तुम्ही भांडणार कुणाशी?"

बाजाराशी भांडण्याआधी इतिहास बघावा लागतो. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली आपल्या पुण्यात झाली. संघ होते तीन. त्या काळच्या मुली विनाआरक्षण डब्यातून प्रवास करत, वसतिगृहाच्या फरशीवर झोपत. त्यांची संघटना वेगळी होती आणि पैशाने रिकामी होती. तरीही त्या जगातल्या मोठ्या संघांशी खेळल्या. २००५ साली भारतीय महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. त्या स्पर्धेत आम्हाला सामन्याला हजार रुपये मिळाले, असं कर्णधार मिताली राजने पुढे मुलाखतीत सांगितलं. विश्वचषकाचा अंतिम सामना खेळणाऱ्या बाईची ही मजुरी. २००६ साली महिलांची संघटना पुरुषांच्या श्रीमंत मंडळात विलीन झाली. पण वार्षिक करार मिळायला २०१५ साल उजाडलं.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने सामन्याचं मानधन समान केलं : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेन्टीला ३ लाख, बाई असो की पुरुष. सगळीकडे टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण आपण मजुरीच्या लढ्यातल्या बायका आहोत, आपल्याला रोजंदारी आणि वर्षाचा पगार यातला फरक कळतो. त्याच वेळी वार्षिक करारात वरच्या 'अ' श्रेणीच्या महिला खेळाडूला ५० लाख होते, पुरुषांच्या 'अ' श्रेणीला ५ कोटी, आणि त्याच्याही वर ७ कोटींची एक श्रेणी होती. शिवाय महिलांना सामनेच कमी मिळतात. रोजचा दर समान केला, पण कामाचे दिवसच कमी दिले, तर महिनाअखेरीला हातात काय येतं? हे शेतमजूर बाईला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही एक फार मोठी गोष्ट घडली. २०२३ साली महिलांच्या लीगसाठी पाच संघ विकले गेले, एकूण ४,६६९ कोटी ९९ लाखांना. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. ('लिलाव' हा शब्द माणसांसाठी, त्यातून बायकांसाठी वापरलेला मला आवडत नाही. त्यावर कधीतरी वेगळं बोलू.) आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मैदान भरलेलं होतं. त्या स्पर्धेच्या विजेत्यांचं बक्षीस होतं ४४ लाख ८० हजार डॉलर. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकात विजेत्यांना ४० लाख डॉलर होते.

मग "बायकांचं कोण बघतं" याचं काय झालं? सामने चांगल्या मैदानात, चांगल्या वेळी, टीव्हीवर दाखवले, खेळाडूंना वर्षभर पोटाची काळजी न करता सराव करू दिला, तेव्हा बघणारे आले. आधी पैसा लागला, मग गर्दी आली. पुरुषांच्या खेळाच्या बाबतीतही हेच झालं होतं, फक्त त्यांना आधी गर्दी जमवून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं.

आणि हे नुसतं वरून कुणाच्या कृपेने मिळत नाही. अमेरिकेत १९७० साली टेनिसमध्ये पुरुषांची बक्षिसं महिलांच्या कितीतरी पट होती. तेव्हा बिली जीन किंग आणि आणखी आठ जणींनी, मिळून नऊ जणींनी, प्रत्येकी एका डॉलरचा नाममात्र करार करून स्वतःची वेगळी स्पर्धा उभी केली. त्यांना खेळातून बाहेर काढण्याची धमकी होती. १९७३ साली अमेरिकन ओपन स्पर्धेने बक्षिसं समान केली. विम्बल्डनला मात्र त्यासाठी २००७ साल लागलं. एक स्पर्धा बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही, मध्ये चौतीस वर्षं जातात. आणि पहिला बदल झाला तो नऊ जणी एकत्र राहिल्या म्हणून. एकटी कितीही मोठी खेळाडू असती तरी तिला बाजूला काढणं सोपं होतं. आपल्या संघटनेच्या कामात आपण हेच सांगत आलो ना?

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे येऊ. क्रिकेट श्रीमंतांच्या घरचं आहे, त्याच्यावरून सगळ्यांचा हिशेब करता येत नाही. कबड्डी खेळणाऱ्या बहुतेक मुली कष्टकरी घरातल्या असतात, कारण या खेळाला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत. चुन्याची फक्की टाकून चार रेघा आखल्या की झालं मैदान. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० पासून आहे, महिलांची २०१० साली आली. २०१२ साली पाटण्यात महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला. जिंकून बाहेर पडलेल्या खेळाडूंना रिक्षा करून जावं लागल्याची बातमी तेव्हा छापून आली होती. विजेत्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या मुली होत्या. २०१४ साली पुरुषांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. गावोगावची मुलं टीव्हीवर दिसू लागली, त्यांना पैसा मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. २०२३ साली त्या लीगमध्ये एका खेळाडूला २ कोटी ६० लाखांवर रक्कम मिळाली. महिलांसाठी काय? २०१६ साली त्याच लीगच्या जोडीला तीन संघांची एक महिला स्पर्धा झाली. अंतिम सामना एका गुणाने सुटला, २४-२३, म्हणजे रंगत कमी नव्हती. पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही.

याचा परिणाम काय होतो? कबड्डी खेळणाऱ्या मुलाला आज दोन वाटा दिसतात, नोकरी आणि लीग. मुलीला मुख्यतः एकच : रेल्वे, पोलीस किंवा एखादं सरकारी खातं खेळाडू म्हणून घेईल का? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण जागाच भरल्या नाहीत, किंवा कंत्राटावर भरल्या, तर पाच टक्के कशाचे? म्हणून खाजगीकरण आणि कंत्राटीकरणाच्या विरोधातली आपली लढाई ही कबड्डी खेळणाऱ्या मुलीचीही लढाई आहे, हे आपण त्या मुलींना आणि स्वतःलाही सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिला अंतिम सामन्यात इराणकडून हरल्या, २७-२४ ने. इराणच्या त्या सुवर्णपदक विजेत्या संघाची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याकडची बाई परदेशी संघ घडवून जगाला दाखवते. मग आपल्याकडच्या मुलींच्या संघांच्या खुर्चीवर, शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या, निर्णय घेणाऱ्या बायका इतक्या कमी का?

इथून मी तिसऱ्या गोष्टीकडे येते. व्यवस्थापन. हा शब्द ऐकला की कंटाळा येतो, पण त्याचा अर्थ एवढाच : संघ कोण निवडतो, पैसा कोण वाटतो, शिबिरात खोल्या कोण ठरवतो आणि तक्रार कुणाकडे करायची.

२०२३ च्या जानेवारीत देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. एप्रिलमध्ये पुन्हा बसल्या. लैंगिक छळाची तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना ओढत नेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. खटल्याचा न्याय न्यायालय करेल. पण एक प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, हा कायदा २०१३ चा. त्याच्या मुळाशी असलेला विशाखा निकाल १९९७ चा. त्यासाठी आपण मोर्चे काढले, पत्रकं वाटली. आणि इतक्या वर्षांनी कळलं की कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे समितीच नव्हती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मग अनेक क्रीडा महासंघांना त्याबद्दल नोटिसा काढल्या. कारखान्यात, बँकेत, शाळेत आपण समिती आहे का विचारत फिरलो. मैदान हीसुद्धा कामाची जागा आहे, हे आपल्याही लक्षात आलं नाही. ही कबुली आपण दिली पाहिजे.

ज्या मुलीची निवड, प्रवास, शिष्यवृत्ती आणि उद्याची नोकरी एकाच माणसाच्या सहीवर अवलंबून आहे, ती तक्रार कशी करणार? तिच्या घरी तर आधीच सांगून ठेवलेलं असतं : काही कमी-जास्त झालं तर खेळ बंद. म्हणजे गुन्हा त्याने करायचा आणि खेळ हिचा थांबायचा. या भीतीचं मूळ पैशात आहे. दुसरी वाट नसलेली मजूर बाई मुकादमापुढे जशी गप्प बसते, तशीच ही मुलगी गप्प बसते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण असावेत, त्यांत किमान चार महिला असाव्यात, खेळाडूंचे प्रतिनिधी असावेत, सुरक्षित खेळाचं धोरण असावं, अशा तरतुदी त्यात आहेत. हे पाऊल पुढचंच आहे. पण आपल्याला पंचायतीचा अनुभव आहे. १९९३ ला घटनादुरुस्तीने तेहतीस टक्के जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ ला पन्नास टक्के झाल्या. खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण पाहिलं. आणि नंतर त्याच खुर्चीवर बसून पाण्याची टाकी गावात आणणारी, दारूचं दुकान बंद करणारी सरपंच बाईही आपणच पाहिली. दोन्ही खरं आहे. खुर्ची मिळाल्याने काम होत नाही, पण खुर्चीशिवाय कामाला सुरुवातही होत नाही. त्या चार जणींच्या मागे बाहेर संघटना उभी राहिली तरच त्या बोलतील. आणि दिल्लीच्या कायद्याने आपल्या गल्लीतलं मंडळ आपोआप सुधारत नाही. तिथे आपल्यालाच जावं लागेल.

आता एक आक्षेप, जो आपल्याच मैत्रिणी घेतात आणि जो मला गंभीर वाटतो. त्या म्हणतात, "हा सगळा बाजार आहे. जाहिरातदारांना बाईचं शरीर हवं असतं. आपण त्या बाजारात वाटा मागायचा का?" मुद्दा खरा आहे. २०२१ साली नॉर्वेच्या महिलांच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट घातली म्हणून त्यांना १,५०० युरो दंड झाला. आमच्या वस्तीत उलटं : शॉर्ट घातली म्हणून मुलीला घरात मार बसतो. एकीकडे कपडे कमी करा, दुसरीकडे वाढवा. हुकूम दोन्हीकडे दुसऱ्याचाच. नॉर्वेच्या मुलींनी दंड सोसून नियम मोडला आणि त्याच वर्षी तो नियम बदलला गेला. मला वाटतं आपली भूमिका इथे स्पष्ट असावी. बाजाराने ठरवलेलं सौंदर्य आम्हाला नको आणि घराण्याने ठरवलेली अब्रूही नको. पण खेळणाऱ्या बाईच्या श्रमाचं मोल मागणं म्हणजे बाजाराला शरण जाणं नव्हे. कारखानाही बाजारासाठीच चालतो, म्हणून आपण तिथल्या मजुरीसाठी लढायचं सोडत नाही.

आणि खेळ म्हणजे फक्त पदकं आणि करार नाहीत. शंभर मुली खेळल्या तर एखादी राज्य संघात जाईल. उरलेल्या नव्व्याण्णव जणींचं काय? त्यांचा खेळ फुकट गेला का? संध्याकाळी मोकळ्यावर धावणं, ओरडणं, पडणं, गुडघा फुटणं, कुणाला तरी पकडून खाली पाडणं, यातून मुलीला स्वतःच्या अंगातली ताकद कळते. मुंब्र्यात 'परचम' या संघटनेने मुलींना फुटबॉल खेळायला एकत्र आणलं आणि त्या मुलींनी खेळायला मैदान द्या म्हणून सह्या गोळा करून मागणी केली. त्या भागात मुलीने संध्याकाळी मैदानावर असणं हीच मोठी गोष्ट होती. मैदान सार्वजनिक आहे असं आपण म्हणतो. एखाद्या संध्याकाळी आपल्या गावच्या मैदानावर उभं राहून मोजा, बायका किती आणि पुरुष किती. सार्वजनिक कुणाचं ते कळेल.

आता काय करायचं? मी चार कामं सुचवते, आपल्या हातातली.

पहिलं काम पंचायतीत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो कशावर जातो ते आपल्याला माहीत आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. त्या सभेत ठराव करा : मुलींसाठी मैदानावर दिवा, जवळ संडास आणि आठवड्यातले काही दिवस मैदान मुलींसाठी राखीव. ठराव लेखी घ्या.

दुसरं, मंडळात. स्पर्धेसाठी वर्गणी आपल्याही घरातून जाते. वर्गणी देताना विचारा : महिलांचं बक्षीस किती? सामना किती वाजता? मुलींना कपडे बदलायला खोली आहे का?

तिसरं, शाळेत आणि संघटनेत. तक्रार समिती आहे का, तिच्यात बाहेरची बाई कोण आहे, शिबिराला मुलींबरोबर कोण बाई जाते, हे विचारा. सोबत योजनांची माहिती ठेवा. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्च मिळण्याची तरतूद झाली आहे. शहरातल्या मुलाच्या बापाला हे माहीत असतं. वस्तीतल्या मुलीच्या आईला कुणी सांगत नाही.

चौथं काम घरात, आणि ते सगळ्यांत अवघड. मुलगी खेळायला गेल्यावर तिचं काम धाकटीवर किंवा आईवर पडणार असेल तर आपण फक्त ओझं सरकवलं. ते काम भावाने आणि बापाने उचललं पाहिजे.

आता सुरुवातीची गोष्ट पुरी करते. त्या दिवशी मी नियम दाखवला, पण बायकांनी तो मानला नाही. पुढच्या बैठकीत वाद झाला. एक म्हातारी सभासद, जी कधी बोलत नसे, म्हणाली, "मी बारा वर्साची आसताना सूरपारंबीला झाडावर चढले म्हनून मला चटका दिलाय. हा बगा डाग. तिला पैसं द्या." चार हजार मंजूर झाले. नियमावलीत 'उत्पादक' हा शब्द मी खोडला आणि बायकांनी सांगितलं ते लिहिलं : 'गटाला योग्य वाटेल ते कारण.'

मुलगी शिबिराला गेली. राज्य संघात तिची निवड झाली नाही. तुम्हाला वेगळा शेवट ऐकायचा असेल, पण झालं ते असं. आई दर महिन्याला हप्ता भरत राहिली आणि कर्ज वर्षाच्या आत फिटलं, व्याजासकट. मुलगी आता नर्सिंगचा कोर्स करते आणि रविवारी वस्तीतल्या लहान मुलींना चढाई शिकवते. त्यांत तिची ती धाकटी बहीणही आहे, पाणी भरणारी. रविवारचं पाणी आता भाऊ भरतो. बाकी सहा दिवस अजून भरत नाही.

आणि मंडळाची स्पर्धा? आमच्या चाळीस-पन्नास बायका वर्गणीच्या वेळी एकत्र जाऊन बसल्या. पुढच्या वर्षी महिलांचा अंतिम सामना संध्याकाळी सातला, दिव्याखाली झाला. उभं राहायला जागा नव्हती. बक्षीस ११,००० वरून १५,००० झालं. पुरुषांचं ३१,००० च आहे. म्हणजे अजून सोळा हजारांचं अंतर आहे. या वर्षी वर्गणी मागायला ते येतील, तेव्हा आम्ही पुन्हा बसणार आहोत.

उद्या तुम्ही आपापल्या गावी परत जाल. जाताना वाटेत मैदान लागेल. थोडा वेळ थांबा आणि तिथे कोण खेळतंय ते बघा. एवढं सांगून थांबते.